टरफलांनी भरलेले पिंप

मी एक जुने पिंप आहे. आज मला जरा घाईनेच बोलायचे आहे, मित्रांनो.

कापड रंगवणाऱ्या काकूंनी मला भंगारातून उचलून आणले. त्यांच्या कारखान्याचे लाल पाणी मोरीतून ओढ्याला जाई. ओढ्याच्या खालच्या अंगाला धुणेवाल्या मावशी दवाखान्याच्या चादरी धूत. चादरी गुलाबी होऊ लागल्या. मावशी म्हणाल्या, "काकू, माझं काम जाईल हो."

काकूंनी भुईमुगाची टरफले आणली. त्यांचे तपकिरी पाणी निघून जाईपर्यंत ती धुतली, वाळवली, कुटली आणि माझ्यात दाबून भरली. वरून लाल पाणी ओतले. तळाच्या तोटीतून स्वच्छ पाणी उतरले. मावशी हसून म्हणाल्या, "तुमच्यापेक्षा हे पिंपच शहाणं निघालं."

वर्षे गेली. टरफले रंग धरून ठेवतात, पण त्यांचेही पोट भरते. भरलेली टरफले काढून नवी घालावी लागतात. एकदा कामाच्या रेट्यात काकूंच्या सूनबाई टरफले न बदलता दुपारपर्यंत ओततच राहिल्या. मला सारे कळत होते, पण तोंड कुठे होते?

संध्याकाळी मावशी आल्या. ओली गुलाबी चादर त्यांनी काकूंच्या मांडीवर ठेवली.

"सकाळी तोटीचं पाणी वाडग्यात धरून पाहिलं होतं की. अगदी स्वच्छ होतं," सूनबाई म्हणाल्या.

"सकाळचं सगळ्यांचंच स्वच्छ असतं गं. शेवटचं बघायचं असतं," मावशी म्हणाल्या.

काकू वाद घालत बसल्या नाहीत. ती चादर घेऊन त्या स्वतः दवाखान्यात गेल्या आणि दोष पदरात घेऊन आल्या. मावशींचे काम वाचले. मात्र पुन्हा डाग दिसला तर दुसरी बाई बघू, असे तिथून बजावले गेले. तेव्हापासून शेवटचे पाणी काकूच पाहत आल्या.

आता काकूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. गुलाबी कोणते, पांढरे कोणते, त्यांना कळत नाही. त्या खाटेवरून विचारतात, "शेवटचं पाणी पाहिलंस का गं?"

"बघते हो, आई," असे म्हणून सूनबाई कापड वाळत घालायला गच्चीवर जातात.

आजही गेल्या आहेत. सकाळपासून नऊ बादल्या झाल्या. माझी टरफले तळापर्यंत लाल झाली आहेत आणि खाली ओढ्यावर मावशींनी नुकत्याच चादरी भिजत घातल्या आहेत.

मित्रांनो, यंत्र असो वा पिंप, त्याला 'पुरे' म्हणता येत नाही. ते माणसानेच ओळखायचे असते. तुमच्यापैकी कोणी जवळपास असेल, तर आधी माझी तोटी बंद करा. सूनबाईंना हाक मग मारा.