हातातला घास

"आई, मी बोलतोय. सन्मती."

दिवेलागण होऊन गेली होती. सुंदरीने सासूचा फोन स्पीकरवर टाकला, तशी आक्काताईंच्या हातातली जपमाळ थांबली.

"ह्यो कुणाचा नंबर रं?"

"माझा मोबाईल चोरीला गेलाय. चोरानं माझ्या नावावर लफडं केलंय आन् पोलिसांनी मलाच धरलंय." पलीकडून हुंदका आला. "तुझ्या मोबाईलवर सहा आकडं आल्यात, तेवढं सांग. मी म्हंजी मीच हाय, हे पटवायचं हाय ह्यास्नी."

आवाज त्याचाच होता, थोडा नाकातून येणारा आणि बोलता बोलता खाली बसणारा. हळदीच्या कामासाठी परराज्यात गेलेल्या नवऱ्याला पोलिसांनी धरलं म्हटल्यावर सुंदरीच्या पायाखालची जमीनच सरकली.

"आवं आत्या, सांगा की!"

"चष्मा घेती," आक्काताई उठू लागल्या.

"चष्मा ऱ्हाऊ दे. हातातला घास ठेव तसाच, आदी नंबर सांग!"

सुंदरीला कुठला धीर? तिने फोन उचलून वाचायला सुरुवातही केली, "चार... सात..." तेवढ्यात आक्काताईंचा तळवा तिच्या तोंडावर बसला. दुसऱ्या हाताने त्यांनी फोन हिसकावून बंद केला. आतला आवाज "आई, आई" करत रडत होता, तरी बंद केला.

"काय केलंसा ह्ये? ल्योक हाय न्हवं तुमचा!"

"माझा ल्योक ह्या वक्ताला माझ्या हातात घास बघंल व्हय?"

सुंदरीच्या ध्यानात आलं. लग्न होऊन आल्यापासून सासूच्या या एका नेमाने तिला जेरीस आणलं होतं. दिवस बुडायच्या आत जेवण, नंतर अन्नाचा कण नाही. तापाने फणफणल्या तरी नाही. मार्केट यार्डातल्या कामावरून धावतपळत येऊन भाकऱ्या थापताना तिने मनातल्या मनात किती बोटं मोडली असतील! आज त्याच नेमाने घर राखलं होतं. तिने, सन्मतीच्या बायकोने, नवऱ्याचा आवाज ऐकला आणि फसली. या बाईने एका घासावरून परका माणूस ओळखला.

मग सुंदरीने सन्मतीचा नंबर लावला.

"हां, बोल की."

तोच आवाज. आक्काताई "बाळा" म्हणायला गेल्या आणि अडखळल्या. त्यांनी विचारलं, "ल्हानपनी तू मला जेवाय कसा बोलवायचास?"

तो हसला. "अंगनात हुबा ऱ्हाऊन वरडायचो की, आई, दिवस चालला! का गं?"

सगळं ऐकल्यावर त्याचं हसू मावळलं. "मी हळदीचं व्हिडिओ टाकतो न्हवं, त्यावरनं आवाज उचलला आसंल. नंबर सांगितला आसता, तर तुझ्या नावाचं खातं धुऊन न्हेलं आसतं गं. सुंदरी, आदी बँकेला कळीव."

आक्काताईंनी फोन सुनेकडे दिला आणि भिंतीला टेकून बसल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"पोटच्या पोराला आज खरा का खोटा म्हनून इच्यारलं गं मी," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ऊन भिंतीवर असतानाच सुंदरीने ताट वाढलं. अंगणात उभी राहून तिने हाक मारली, "आवं आत्या, दिवस चालला!"

आक्काताईंनी आधी दारात येऊन हाक मारणारी कोण ते पाहिलं, मगच ओ दिली.