पाचव्या खेट्याचा गुलाल

माझा आवाज मोठा हाय, मान्य हाय. शिवाजी पेठेत वाढलेल्या माणसाचा तो असतोच. पण मी एक्स-रेच्या काचेमागनं "श्वास घ्या... रोखा!" म्हटलं की बाहेर बाकावर बसलेली अख्खी रांग श्वास रोखते, असं संयोगिता मॅडमचं म्हणणं. मॅडम सकाळी कॉलेजात शिकवतात आणि दुपारी हॉस्पिटलात आमच्या डोक्यावर उभ्या राहतात. म्हणजे सुटका कुठंच न्हाय.

मी राजनंदिनी, रेडिओग्राफीच्या शेवटच्या वर्षाला. आमच्या लॉगबुकात एक रकाना असतोय. आपल्या चुकीनं एक्स-रे परत काढावा लागला की तिथं एक नोंद. महिन्यात तीन नोंदी झाल्या की तो महिना बाद, पुन्हा पहिल्यापासनं. आणि महिना बाद म्हणजे परीक्षेचा फॉर्म हुकला, सहा महिने घरी बसून आईच्या शिव्या खायच्या. माझ्या दोन झालत्या. एकदा पोरगं हललं आणि एकदा मनगटाचा फोटो काढताना मी बांगड्याच उतरवायला सांगितल्या न्हाईत. बांगड्या एवढ्या झकास उमटल्या, सराफाला दाखवाव्यात.

म्हणून मी जोतिबाला साकडं घातलं. माघातले पाच रविवार चालत डोंगरावर जायचं, ते आमचे खेटे. पाचवा खेटा झाला आणि दुसऱ्या दिवशी, सोमवारी, महिन्याचा शेवट, म्हणजे लॉगबुकावर मॅडमच्या सहीचा दिवस. दोनदा डोकं धुतलं तरी वेणीतनं डोंगरावरच्या गुलालाचं गुलाबी पाणी येतच होतं.

"काय गं, निवडून आलीस का काय?" माझ्या बॅचचा वृषभ म्हणाला.

"संध्याकाळी सही झाली की आलोच समज," मी म्हटलं.

त्या दिवशी कॅसेट पुसायची पाळी माझी. छातीचा फोटो काढताना पेशंट जिला टेकून उभा राहतोय, ती चपटी पेटी म्हणजे कॅसेट. आत एक प्लेट असते, फोटो तिच्यावर उमटतो. उघडायची, मऊ कापडानं पुसायची, मिटायची. वेणी सारखी पुढं येत होती आणि मी सारखी मागं टाकत होते.

पहिला पेशंट कोडोलीच्या तानाबाई. महिनाभर खोकला, संगट मुलगा अमरसिंह. मी आज्जींना नीट उभं केलं, खांदे पुढं घेतले, श्वास रोखायला लावला. फोटो एका दमात. मनातल्या मनात मी लॉगबुकावर सही बघून घेतली.

अर्ध्या तासानं अमरसिंह डॉक्टरांच्या खोलीतनं बाहेर आला आणि बाकावर मटकन बसला.

"फुप्फुसात ठिपकं हाईत म्हणत्यात," तो फोनवर कुणाला तरी सांगत होता. "मोठा फोटो काढा, सीटी का काय तो, टीबीची तपासणी करा. आईला काय सांगू सांग की!" एवढा तालमीतला गडी, पण आवाज फाटला होता.

शेजारी तानाबाई पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. कुणी न सांगता त्यांना सगळं कळलं होतं.

मी धावत आत गेले आणि पडद्यावर फोटो उघडला. खरंच बारीक पांढरे ठिपके. डावीकडं चार, उजवीकडं दोन. आणि एक खांद्याच्या वर, कोपऱ्यात. तिथं आज्जी नव्हत्याच. तिथं नुसती हवा होती.

वर्गात मॅडमनी फळ्यावर लिहिलेलं, मी हसत वहीत उतरवलेलं: शरीराच्या बाहेर आजार नसतो. प्लेटवर कण बसला तर तेवढ्या जागी पांढरा ठिपका येतो.

मी कॅसेट उघडली. प्लेटवर सात गुलाबी कण. चांगभलं!

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मनात आलं ते वाईटच आलं. गुपचूप पुसावी. मोठा फोटो निघंल, त्यात काय सापडणार न्हाय, लोक म्हणतील देवानं वाचवलं. माझी सही वाचली, कुणाच्या बापाला कळत न्हाय. मी कापड हातातपण घेतलं. तेवढ्यात बाहेरनं तानाबाईंचा आवाज आला, "आमऱ्या, रडू नकोस. माझं वय झालं हाय."

मला स्वतःची एवढी लाज वाटली की बोलायची सोय न्हाय. कॅसेट तशीच उघडी घेऊन मी मॅडमसमोर उभी राहिले.

"चुकलो मॅडम. आज्जी चांगल्या हाईत. गुलाल माझ्या वेणीतला हाय."

मॅडमनी प्लेट बघितली, मग माझी वेणी. डॉक्टरांना फोन लावला. दुसऱ्या कॅसेटवर फोटो परत काढला आणि ह्या खेपेला "श्वास रोखा" त्या स्वतः म्हणाल्या. छाती आरशासारखी लख्ख. डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं.

मग मॅडमनी लॉगबुक ओढलं. तिसरी नोंद. कारण: गुलाल. खाली त्यांची सही, पण मला पाहिजे होती ती न्हवं.

"पुढचा महिना इथंच," त्या म्हणाल्या. "केस टोपीत घालून यायचं. आणि महिनाभर सगळ्या कॅसेट तूच पुसायच्या."

"मीच?"

"मग काय वृषभ? त्यानं कण बघितला असता तर मला सांगितलं असतं का, मला ठाऊक न्हाय. तू सांगतेस, एवढं कळलं."

मला रडू आलं. सहा महिन्यांचं आलं, आणि त्या बोलल्या त्याचंपण आलं.

दार उघडलं तर बाहेर अमरसिंह हात जोडून उभा. सांगितलं त्याला सगळं, गुलाल माझाच म्हणून. तो एवढा हसला की खाली बसला. तानाबाई मात्र हसल्या न्हाईत. पिशवीतनं त्यांनी पुडी काढली. जोतिबाचा गुलाल. चिमूट घेऊन दारातनं आत यायला लागल्या.

"आज्जी, थांबा!" मी ओरडले. अख्ख्या रांगेनं श्वास रोखला.

मी बाहेर आले, दार घट्ट लावलं, वेणी मागं टाकली आणि कपाळ पुढं केलं.

"लाव आज्जी," म्हटलं, "मग तोंड धुऊन आत जातो."