चाक हो म्हणालं

रविवारी अकरा वाजता सांवेर रोडमागच्या जुन्या पंपघरात पाय ठेवायला जागा नव्हती. एके काळी इथली वाफेची इंजिनं गावाला पाणी चढवायची. आता तिथे इंजिनांचं म्युझियम आहे, आणि शाळेच्या सहली सोडल्या तर तिकडे कुत्रंही फिरकत नसे. पण गेल्या आठ महिन्यांपासून दर रविवारी तिथे अगरबत्त्या लागत होत्या, नारळ फुटत होते, आणि सगळ्यात मोठ्या इंजिनाच्या पुरुषभर उंच चाकाला शेवंतीचा हार पडत होता. माझ्यादेखत एका बँक मॅनेजरनं त्या चाकापुढे साष्टांग नमस्कार घातला. मी छत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. तो माझा विद्यार्थी नव्हता, एवढंच काय ते समाधान.

मी तिथे हौसेनं गेलो नव्हतो. माझा भाचा आशिष, त्याची बायको पूर्णिमा. पूर्णिमाच्या छातीत गाठ निघाली, तपासणीत ती कॅन्सरची ठरली आणि डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनची तारीख दिली. त्याआधीच्या रविवारी हे दोघं इथे आले आणि चाकाला विचारलं, ऑपरेशनशिवाय बरं वाटेल का? चाक फिरलं. फिरलं म्हणजे हो. ऑपरेशन रद्द झालं आणि अडीच महिने ती पोरगी इंजिनातून गळलेलं काळं तेल 'चक्रतेल' म्हणून गाठीवर चोळत राहिली. घरी सांगितलं की डॉक्टरांनीच थांबायला सांगितलंय. आशिषची आई म्हणजे माझी बहीण सरला. तिला उशीखाली तेलाची बाटली सापडली तेव्हा हे सगळं बाहेर आलं आणि त्या रविवारी आम्ही चौघं इथे आलो.

या दरबाराचे मालक चक्रानंद महाराज. संन्यास घेण्यापूर्वी ते जवळच्याच एका कारखान्यात फिटर होते. कफनी भगवी झाली, पण नखांतलं ग्रीस अजून गेलेलं नव्हतं. माणूस मात्र हुशार. तो काही लपवत नव्हता, उलट लपवत नाही हेच सारखं सांगत होता.

"देखो, छुपाने की कोई बात नहीं," तो म्हणायचा. "मशीन कॉम्प्रेसर की हवा से चलती है, बोर्ड पे लिखा है. हँडल मैं छूता नहीं, आप खुद खोलोगे. हवा वही, हाथ आपका. फिर किसी के लिए चक्का घूमता है, किसी के लिए नहीं. क्यों?"

त्या 'क्यों'वर गर्दी शहारायची. पुढे तो ऊर्जा, कर्म, नाभिचक्र आणि इंग्रजांनाही न कळलेलं रहस्य असली सगळी भेळ एकत्र कालवायचा, आणि लोक माना डोलवायचे. प्रश्न रांगेतच त्याच्या चेल्याच्या कानात सांगायचा, मग पुढे जाऊन तोच मोठ्यानं विचारून हवेचं हँडल उघडायचं. एका मुलीनं नोकरीचं विचारलं, चाक गरगरलं. एका म्हाताऱ्यानं डोळ्याचं ऑपरेशन करू का विचारलं, हवा फुसफुसत राहिली आणि चाक तसूभर हललं नाही. म्हातारा हात जोडून घरी गेला, बहुधा आंधळा व्हायला.

मी तासभर शोधलं. चोरटा पाइप, दुसरा व्हॉल्व्ह, चेल्याच्या खिशात रिमोट. काही नव्हतं. हवेच्या दाबाचा काटासुद्धा दर वेळी एकाच आकड्यावर. आशिष मला चिकटून उभा होता.

"देखा मामा?" तो म्हणाला. "आता तुमची सायन्स काय बोलते?"

मी रागारागानं पुन्हा पाइप न्याहाळायला लागलो.

सरला पाइपाकडे बघतच नव्हती. चाळीस वर्षं ती ब्लाउज शिवते, तेही पायाच्या मशीनवर. ती बघत होती चेल्याच्या फडक्याकडे. दर प्रश्नाच्या आधी तो मंत्र पुटपुटत चाक पुसायचा, आणि पुसता पुसता हळूच थोडं फिरवायचा.

"दादा, हा चाक पुसत नाहीये," ती माझ्या कानात म्हणाली. "लावतोय."

मग तिनं मला समजावलं. मशीनची पायपट्टी नेमकी वर अडकली की कितीही दाबा, मशीन चालत नाही. वरच्या चाकाला हातानं जरा ढकलावं लागतं, मग सुरू होतं. मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पिस्टनचा दांडा आणि चाकाची क्रँक एका रेषेत आली की सगळा जोर सरळ आसावर जातो, फिरवायला काही उरतच नाही. हे मी दरवर्षी फळ्यावर काढत होतो, आणि ते ओळखलं शिवणकाम करणाऱ्या बाईनं.

आणखी चार जणांचे प्रश्न होईपर्यंत आम्ही थांबलो. चाकाच्या कडेवर कुंकवाचा टिळा होता. तो कठड्याच्या खांबासमोर आला की उत्तर 'नाही', जरा पुढे असला की 'हो'. एकदाही चूक नाही.

सरलाचा नंबर आला. तिनं प्रश्न मोठ्यानं विचारला, हे तेल लावून माझी सून बरी होईल का? चेल्यानं अर्थातच टिळा पुढे नेऊन ठेवला होता. हिनं हँडलला हात लावण्याआधी दोन्ही हातांनी चाक मागे ओढलं आणि टिळा खांबासमोर आणला. चेला ओरडला. हिनं हँडल उघडलं. चाक जागचं हललं नाही. हवा बंद केली, चाक वीतभर सरकवलं, पुन्हा उघडलं. चाक फिरलं. मग ती आधीच सांगायला लागली, आता नाही फिरणार, आता फिरेल. पाच वेळा सांगितलं, पाचही वेळा तसंच झालं.

म्युझियमचा राखणदार उदयसिंह कोपऱ्यात उभा होता. जन्मभर गिरणीच्या इंजिनघरात काम केलेला माणूस. चाकाच्या कडेला ही भोकं कशाला आहेत, असं मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं.

"सब्बल डालने की हैं, सर," तो खाली बघत म्हणाला. "चक्का अटकता तो सरका देते थे."

पहार घालून अडकलेलं चाक सरकवायची ती भोकं, म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्युझियमला जन्मात पहिल्यांदा गर्दी होत होती, म्हणून तो आठ महिने गप्प बसला. मला महाराजापेक्षा त्याचीच जास्त चीड आली.

महाराज म्हणाले की या बाईच्या स्पर्शानं चक्र भ्रष्ट झालं. थोडे लोक हसले. पण गर्दीतून एक बाई धावत आली आणि सरलाच्या पायांवर पडली.

"माताजी, आप में शक्ती है. मेरे बेटे का भी पूछ दो."

"मी ब्लाउज शिवते हो, बाई," सरला तिला उठवत म्हणाली. "बेटे को डॉक्टर के पास ले जा."

आशिष पांढराफटक पडला होता. तरी म्हणाला, पण आई, आमच्या वेळी तर फिरलं होतं ना? चेल्याला काय सांगितलं होतंस, असं तिनं विचारलं. त्यानं पूर्णिमाकडे पाहिलं. बोलली पूर्णिमा.

"त्याला मीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "कापून घ्यायची फार भीती वाटत होती, आई. त्याच्या कानात बोलले, भिया, भावासारखा आहेस, कसंही करून हो येऊ दे."

सरलानं तिला जवळ घेतलं. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे दवाखान्यात गेलो. अडीच महिन्यांपूर्वी नुसती गाठ काढून भागलं असतं, आता एक स्तन पूर्ण काढावं लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तसंच झालं. पुढचे उपचार अजून चालू आहेत आणि ती नक्की वाचेल, असं अजून कुणीही छातीठोकपणे सांगत नाही.

महाराज देवासच्या बाजूला गेला म्हणे. तिथे एक विहीर बोलायला लागली आहे.

मला अजूनही लोक विचारतात, सर, नुसतं चाक फिरलं तर त्यात बिघडलं काय? बिघडलं ते हे. त्या मुलीला भीती वाटली, यात तिची काही चूक नव्हती. तुम्हालाही वाटेल, मलाही वाटेल. तेव्हा डॉक्टरसमोर रडा, घरच्यांसमोर रडा, एका डॉक्टरवर भरवसा नसेल तर दुसऱ्याला विचारा, तिसऱ्याला विचारा. पण जो माणूस आधी आपला कान पुढे करून विचारतो की तुम्हाला काय ऐकायचं आहे, त्याच्याकडे आपला जीव घेऊन जाऊ नका.