मुक्या राक्षसाचा आवाज

लेखिकेचा धाकटा भाऊ जन्मापासून बोलत नव्हता. ऐकायचा सगळं, आणि उत्तर द्यायचा बोटांच्या टकटकीने: टेबलावर, दारावर, कधी ताईच्या पाठीवर. तिच्या अद्भुत कादंबरीतला डोंगराएवढा मुका राक्षस त्याच्यावरूनच बेतला होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

सरकारी रेडिओने ती कादंबरी तेरा भागांत करायची ठरवली, तेव्हा नाट्यविभागाचा निर्माता स्वतः घरी आला. तिचा कॉलेजपासूनचा मित्र.

"रेडिओवर मुका राक्षस कसा दाखवणार रे?" तिने विचारलं.

त्याने भावाच्या खांद्यावर हात टाकला. "ह्यालाच स्टुडिओत नेतो. ह्याची टकटक हाच राक्षसाचा आवाज."

दोन दिवस माइकसमोर बसून भावाने लाकडावर, पत्र्यावर, स्वतःच्या छातीवर राक्षसाचा राग वाजवला, भीती वाजवली. घरी आला तेव्हा बोटं सुजलेली, पण स्वारी खुशीत. तिनेही करारावर न वाचताच सही ठोकली. मित्रच तो.

पहिल्या भागाला शेजारीपाजारी घरी जमले. राक्षस आला आणि घोगऱ्या, भारदस्त आवाजात म्हणाला, "घाबरू नकोस, पोरी."

कुणीतरी वाहवा केली. भाऊ रेडिओकडे बघत राहिला. मग ताईकडे. मग उठून आत गेला.

दुसऱ्या दिवशी ती निर्मात्याच्या खोलीत शिरली.

"वरच्यांना पटेना गं," तो कागद चाळत म्हणाला. "रेडिओवर बोलत नाही तो माणूस नसल्यातच जमा."

"मला एक फोन करायचास."

"तू नाही म्हणाली असतीस."

"त्याचं रेकॉर्डिंग कुठाय?"

"त्या टेपवर दुसरं काही घेतलं."

"मग उरलेले भाग थांबव."

त्याने करार काढून एका कलमावर बोट ठेवलं. संवादांत हवा तो बदल करायचा हक्क रेडिओचा. खाली तिचीच सही.

घरी येऊन तिने भावाला सगळं सांगितलं, त्या सहीसकट. त्याने ऐकून घेतलं. हात मांडीवरून हलले नाहीत.

पुढचे बारा आठवडे, भिंतीपलीकडून शेजाऱ्यांच्या रेडिओवर राक्षस बोलू लागला की तो चपला घालून बाहेर पडायचा. लोकांना तो आवाज फार आवडला. मित्राशी तिने बोलणं टाकलं. भावाने आपल्याला माफ केलं का, हे विचारायचं मात्र तिला कधीच धाडस झालं नाही.