रोक्सानाबाईंची लाल फुलं

रोक्सानाबाईंची लाल फुलं एके काळी अमेरिकेतल्या अख्ख्या कनेक्टिकट प्रांतात नावाजलेली. नवऱ्याने पत्र्याची तबकं, चहाचे डबे घडवायचे, काळा लेप देऊन भट्टीत वाळवायचे, आणि बाईंनी त्यावर ब्रशच्या एका फटकाऱ्यात पाकळी उमटवायची. पण नजर अधू झाली आणि पाकळ्या देठ सोडून भलतीकडेच जाऊ लागल्या. हे आईला तोंडावर सांगायची लोव्हिनाची छाती होईना. मग आई जेवायला उठली, की ही पोरगी ओला रंग टर्पेंटाइनच्या बोळ्याने हलकेच पुसायची आणि स्वतः फुलं काढायची. बाप कानाडोळा करी. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं. पुढे पुढे तर ती धीट होऊन पक्षीही काढू लागली.

एके दिवशी फेरीवाला ऑरिन माल न्यायला आला. त्याच्या जिभेला हाड म्हणून नव्हतं.

"काकू, तुमच्या पिवळ्या पक्ष्याने बायकांना वेड लावलंय! या खेपेला सगळी तबकं पक्ष्याचीच द्या."

रोक्सानाबाई हसल्या. "अरे, उभ्या जन्मात मी पक्षी काढला नाही. दुसऱ्या कुणाचा माल असेल."

"छे! तुमच्याच दुकानातून नेलाय."

लोव्हिना त्याला डोळ्यांनी दटावत होती, पण गडी तिकडे बघेल तर शपथ.

तबक रंगवता रंगवता बाईंचा हात थांबला. "लोव्हिना, माझी फुलं कुठायत?"

एरवी ती सहज थाप मारायची. आज जीभ उचलेना. "पुसली, आई."

"किती?"

"सगळी."

ऑरिन गुपचूप गाडीकडे सटकला.

"रविवारी चर्चमधून निघताना मी बायकांना सांगते, अजून हात चालतो माझा," रोक्सानाबाई म्हणाल्या. "त्या म्हणतात, चालतोय की! त्यांना ठाऊक आहे का गं?"

गेल्या हिवाळ्यात गोधडी शिवायला बायका जमल्या होत्या. तेव्हा लोव्हिनानेच आईची नक्कल केली होती, डोळे बारीक करून, हवेत ब्रश फिरवत. केवढी वाहवा झाली होती तिची! आता ते आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मीच सांगितलं त्यांना."

"हसल्या?"

"हो."

रोक्सानाबाईंनी लेकीच्या दिशेने तोंड वळवलं. त्यांना तिचा चेहरा नीट दिसत नव्हता, तरी लोव्हिनाने मान खाली घातली.

"आणि तू?"

"मी पण, आई."