दिराचे दात

कुस्तीचा क्लास घेणाऱ्या वहिनीनं धाकट्या दिराला शंभरदा बजावलं होतं, "भाऊजी, माउथगार्ड घातल्याशिवाय मॅटवर उतरायचं नाही." तो हसण्यावारी न्यायचा. "श्वास कोंडतो हो, वहिनी. आणि दात माझेच आहेत ना?"

त्या संध्याकाळी तिची पाठ वळताच त्यानं माउथगार्ड काढून पिशवीत टाकलं. समोर जोडीला एक शांत स्वभावाचा शिंपी होता. पाय ओढायला शिंपी झेपावला, त्याच क्षणी दिरानं मान खाली घातली. त्याचे पुढचे दात शिंप्याच्या भुवईत रुतले आणि एक तुटून तिथंच राहिला.

वहिनीनं धावत येऊन शिंप्याच्या भुवईवर टॉवेल दाबून धरला.

"वहिनी, माझा दात..." दीर तोंड धरून पुटपुटला.

"गप्प बस!" लग्नापासून त्याला अहोजाहो करणारी वहिनी कडाडली. "त्याचा डोळा थोडक्यात वाचलाय! दिवसभर सुई ओवणारा माणूस आहे तो. डोळा गेला असता तर तू देणार होतास?"

शिंप्याला सात टाके पडले आणि वहिनीनं दिराला क्लासात यायला बंदी केली. दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "पोरगं आधीच बेजार आहे. घरचाच आहे, घे ना परत."

"घरचा म्हणूनच मी इतके दिवस कानाडोळा केला," वहिनी म्हणाली. "परका असता तर पहिल्याच दिवशी हाकलला असता." आता तिला सर्वांत जास्त चीड स्वतःचीच येत होती. दिराचं नाव तिनं क्लासातून कायमचं काढलं.