ओळ पुरी होऊ दे

वेणीचा तिसरा पेड मुठीत धरून शरयू उठली.

तव्यावरची भाकरी एका बाजूनं करपली.

अंगण निम्मं सारवलेलं, आणि ओल्या सारवणावर आत पळत गेलेली पावलं.

तिनं म्हणायला घेतलेलं स्तोत्र दुसऱ्या

हाक.

पहिली सासूबाईंची, रमाबाईंची, गुडघ्यांना तेल लावण्यासाठी. दुसरी केशवची; करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर कारकुनी करणाऱ्या तिच्या नवऱ्याला आपली टोपी कधी सापडत नसे. तिसरी आणि चौथी कुणाची ते तिला आठवत नव्हतं, पण ती उठली होती.

दुपारी शेजारच्या चतुराबाईंनी ओसरीवर दोन गोष्टी मांडल्या. बायकांच्या दवाखान्यात त्या दाई होत्या, तिथल्या नर्सबाईंकडून दोन्ही विणकामं शिकल्या होत्या. एकीकडे क्रोशाची सुई, टोकाला आकडा असलेली, आणि पांढरं सूत. दुसरीकडे दोन लांब सुया आणि करड्या लोकरीचा गुंडा.

"तुला करायचंय काय? तोरण, रुमाल?"

"बसायचंय," शरयू म्हणाली.

"बसायला काय शिकायचं, बाई? ते म्हशीलाबी येतं."

शरयू हसली नाही. चतुराबाईंनी मग क्रोशाची सुई पुढं सरकवली. नव्या बाईनं हेच घ्यावं, असं त्यांचं म्हणणं.

"ह्यात एकच फासा. कुनी हाक मारली की ठिवून दे, उठ. संध्याकाळी ये, फासा तिथंच. घरधंद्याच्या बाईला बराबर हेच."

"आणि ह्या दोन सुयांचं?"

"ह्याच्यावर सगळेच टाके उघडे ऱ्हातात. एक सुटला की पार खाली जातो. तुला न्हाई झेपायचं, जल्दी उठनारी तू."

शरयूनं क्रोशाची सुई उचलली, बोटांत फिरवली आणि जिथं होती तिथंच ठेवली. मग लोकरीचा गुंडा मांडीवर घेतला.

घरी तिनं सांगितलं की रमाबाईंच्या गुडघ्यांसाठी शाल विणणार आहे. कुणी हरकत घेतली नाही. शिकताना मफलरीपुरते टाके घाल, असं चतुराबाई म्हणाल्या होत्या. शरयूनं सुई टोकापर्यंत भरली.

पहिली हाक चौथ्या टाक्याला आली.

"शरयू, अगं तेल."

तिचे पाय हलले. हात हलले नाहीत.

"ओळ पुरी करून येते, आत्याबाई. मधे उठलं तर टाके सुटतात. पार खालपर्यंत जातात."

आत तेलाची वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"माझीच शाल ना ती?"

"तुमचीच."

"मंग होऊ दे पुरी."

आणि ती ओळ अशी होती की डावीकडचा टाका उजवीकडे यायचा, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा, आणि चुलीत धग होती, असू दे, आणि पाठ भिंतीला टेकली होती, लग्नानंतर दिवसाउजेडी बहुतेक पहिल्यांदाच, आणि भिंत गार होती, आणि मागच्या गल्लीत कापसाची गाडी करकरत गेली आणि ती कुठं चालली हे बघायला कुणी तिला पाठवलं नाही, आणि पुढचा टाका, आणि त्याच्या पुढचा.

थंडी सरत आली तसा घराला नियम कळला. केशवनं एकदा पाणी मागितलं, तर रमाबाईच आतून बोलल्या.

"ओळीत आहे ती. हाक मारू नको. आपलं आपण घे."

त्यानं घेतलं. पेला कुठं असतो हे त्याला आधी शोधावं लागलं.

एका दुपारी रमाबाई स्वतःच उठल्या. भिंत धरत, एकेक गुडघा सांभाळत त्या दारापर्यंत आल्या आणि चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. शरयूची मान खाली होती. शेवटचा टाका पलीकडे गेला. रिकामी झालेली सुई तिनं दुसऱ्या हातात घेतली, विणकाम उलटं फिरवलं आणि पुढच्या ओळीचा पहिला टाका घातला. मग तिला सावली दिसली.

रमाबाई तिच्या हातांकडे बघत होत्या.

"अजून तीच ओळ का गं?"

शरयूनं मान वर केली नाही.

"तीच."

रमाबाईंनी चौकट सोडली. मग जशा आल्या तशाच भिंत धरत मागं फिरल्या, आणि जाताना दार ओढून घेतलं.

सुया देताना चतुराबाईंनी बाटलीच्या बुचाचे दोन तुकडेही दिले होते. ओळीच्या मधे उठायचं झालं तर ते सुयांच्या टोकांना खोचायचे. एकही टाका सुटत नाही.